दोन गुंड गोड पाणी

खारपाणपट्टा मी सत्तावीस वर्षं शिकवला. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्याचा काही भाग. जमिनीखालचं पाणी खारट, पिण्यास व सिंचनास अयोग्य. फळ्यावर एवढं लिहायचं, खाली रेघ ओढायची आणि पुढच्या नकाशाकडे वळायचं. परीक्षेत दोन गुणांची टीप यायची. मुलं ती हमखास सोडून द्यायची आणि मीही म्हणायचे, जाऊ द्या, दोन गुणांनी काय बिघडतं.

माझी जिवाची मैत्रीण त्याच पट्ट्यात चाळीस वर्षं संसार करत होती, आणि मी तिच्या घरी एकदाही मुक्कामाला गेले नव्हते. लग्नकार्यात भेटायचो, फोन तर आठवड्याला होताच. पण 'ये ना वं आमच्या गावाले' म्हटलं की माझं काही ना काही निघायचं. कधी पेपर तपासायचे, कधी गुडघे. खरं सांगायचं तर मला तिथला उन्हाळा नको होता.

कुसुम आणि मी अमरावतीला अध्यापक विद्यालयात एका बाकावर बसलो. मी तिथल्याच वकिलाची मुलगी, ती पातूरच्या माळ्याची. वसतिगृहातून दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची, येताना पिशवीभर वांगी नाहीतर ओंजळभर शेवंती. माझ्या आईचा एक नेम होता. सकाळी साडेपाचला नळ आला की रात्रीचं उरलेलं पाणी शिळं म्हणून तुळशीत नि झाडांत ओतायचं, भांडी चिंचेनं लखलखीत घासायची आणि ताजं भरायचं. शिळं पाणी घरात राहिलं तर लक्ष्मी तोंड फिरवते, असं तिचं म्हणणं. रविवारी कुसुम लवकर आली तर तीही पदर खोचून घासायला बसायची. आई मला म्हणे, 'बघ, माळ्याच्या पोरीला कळतं, वकिलाच्या पोरीला कळत नाही.' हे मी उगाच सांगत नाहीये. पुढे लागणार आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर कुसुमच्या पायांवर सूज यायला लागली. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की किडन्या थकत चालल्या आहेत, आता पाणी बदला. तिची मुलगी नागपूरकडे दोन खोल्यांत सासूसासऱ्यांसह राहते, तिथे जागा नाही. माझ्या पुण्याच्या घरात मी एकटी. मग मी ठरवूनच टाकलं. मागची खोली रंगवली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, नवा गिझर लावला. कुसुम चार महिने नाही नाही करत होती. शेवटी म्हणाली, 'येतो, पण तू न्यायले ये. एकटीनं मी निंगत नाई.' होळीच्या आधीच्या आठवड्यात मी निघाले. जाताना एक तिकीट, येताना दोन.

अकोला

गाडीतल्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी अकोल्याला उतरले तेव्हाच ऊन अंगावर आलं. बसस्थानकावर चहा घेतला, तो चांगला होता. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी न विचारता चौकशी सुरू केली: कुठल्या, कोणाकडे, काहून, म्हणजे कशासाठी, एकट्याच काहून. तीस वर्षं पुण्यात राहिल्यावर अशा चौकशीला आपण आगाऊपणा म्हणतो, पण माझं माहेर इकडचंच, त्यामुळे पाच मिनिटांत मीही त्यांची सुनेपर्यंतची माहिती काढली. कुसुमच्या गावाचं नाव सांगितलं तेव्हा ते माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून म्हणाले, 'भरून घ्या बाई. तिकडचं पानी तुमाले चालनार नाई.' मी भरली नाही. म्हटलं, घरीच तर चाललेय.

गाव

काळी जमीन सपाट पसरलेली, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, तूर निघून गेलेली. झाड लांबलांब. बस थांबली तिथे कुसुमचे यजमान सायकल घेऊन उभे होते. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला मास्तरीणबाई. अबोल माणूस. माझी बॅग सायकलला अडकवून पुढे चालायला लागले.

कुसुम दारात उभी होती. चेहरा किंचित फुगलेला, रंग उतरलेला, पण बोलणं तसंच. 'अवं शशे, किती जाड झाली वं तू!' पाय धुवायला बादली ठेवली होती. मी साबण लावला तर फेसच येईना. तीनदा चोळला, हाताला नुसती चिकट साय. कुसुम म्हणाली की खाऱ्या पाण्याला साबण धरत नाही, त्याची सवय होते. घरातली स्टीलची भांडीसुद्धा पांढुरकी झालेली, जणू कुणी चुना लावून पुसला. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा नासल्यासारखा होतो. म्हणून स्वयंपाकाचं आणि पिण्याचं गोड पाणी वेगळं. चुलीच्या वर ओट्यावर पितळेचे दोन गुंड ठेवलेले. गुंड म्हणजे आपला मोठा हंडा. वर स्वच्छ पंचा बांधलेला.

रात्री कढी-गोळे केले होते. डाळीचे गोळे असे मऊ की मी चार खाल्ले, वर भाकरी, वर ठेचा. ठेच्यानं तोंड पोळलं म्हणून मी तांब्याभर पाणी प्यायले, मग आणखी एक. भाऊजी माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, जेवण आवडलं का ते बघताहेत.

अंगणात नळ होता. नळ आहे म्हणजे पाणी आहे, असं मी धरून चालले. तुम्हीही चालला असता. पुण्यात एक दिवस पाणी आलं नाही तर आमच्या सोसायटीत लोक अध्यक्षाच्या दारात जातात.

दुसऱ्या दिवशी पाचला जाग आली. कुसुम झोपलेली. तिला आराम मिळावा, आजारी बाईला काम पडू नये, एवढाच हेतू होता, देवाशपथ. गुंडांवरचे पंचे सोडले, दोन्ही भरलेले. एक एक तांब्या करून सगळं पाणी अंगणात नेलं. तुळशीत ओतलं, मोगऱ्याला ओतलं, उरलेलं दारापुढे सडा म्हणून शिंपडलं. फडताळात चिंच सापडली. गुंड घासले आणि न्हाणीतल्या पाण्यानं विसळले. दोन्ही सोन्यासारखे झाले. आईची आठवण येऊन मन भरून आलं, इतकी मी स्वतःवर खूश. मग पहिला गुंड नळाखाली ठेवून तोटी फिरवली.

नळानं एकदा फुस्स केलं. बस.

मी तोटी उलटी फिरवली, सुलटी फिरवली, थापटी मारली. मागे कुसुम येऊन उभी होती, एका हातात केस धरलेले. तिनं तुळशीचं चिखल झालेलं वृंदावन बघितलं. दारापुढच्या ओल्या जमिनीत शेजारच्या कोंबड्या चोची मारत होत्या, त्या बघितल्या. मग गुंडांकडे बघितलं.

'चांगले चमकून राहिले वं,' ती म्हणाली.

गोड पाण्याचा हा नळ बारा दिवसांनी येतो, परवाच येऊन गेला, हे मला भाऊजींकडून कळलं. दहा दिवसांचं पाणी होतं ते. मी रडायलाच लागले. कुसुम मला हसली. 'काकूचीच लेक हायेस. शिळं पानी राहू देशीन कशी?' तिला माझ्या आईचा नेम ठाऊक होता म्हणून तिनं मला माफ केलं. तो तिला ठाऊक नसता आणि तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला आज बरं वाटलं असतं.

गावातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र महिनाभर बंद पडलेलं. चार किलोमीटरवरच्या गावात एक सुरू होतं, पण तिथे बाहेरच्या माणसाला दिवसाला पाच लिटरचा एकच कॅन. भाऊजी लगेच सायकल काढून गेले. दुपारी परत आले तेव्हा मागे कॅन बांधलेला, सदरा पाठीला चिकटलेला. रोज जायचे. साठ-पासष्टीचा माणूस, चार जायचे, चार यायचे. मी एकदा म्हटलं, भाऊजी, मीही येते, तर म्हणाले, 'तुमी बसा. पावनं मानूस.'

त्या एका कॅनमध्ये डाळ, चहा आणि माझं पिणं व्हायचं. मी मोजून प्यायला लागले होते, निदान मला तसं वाटत होतं. कुसुम काय पिते हे मी बघितलं नाही. बोलत काय बसलो होतो आम्ही दिवसभर! विद्यालयातल्या बाई, वसतिगृहातलं पिठलं, कोण मेलं, कोणाचं काय झालं. पुण्याला आल्यावर मागच्या खोलीत कुठल्या भिंतीला पलंग लावायचा, तेही ठरलं. तिनं विचारलं, 'तुह्या घरी नळ दिवसभर राहाते?' मी म्हटलं, चोवीस तास. ती म्हणाली, 'मंग मी पयला दिवसभर भांडेच घासन.'

पातूर

पुण्याला जाण्याआधी कुसुमच्या भावाला भेटायचं म्हणून शुक्रवारी आम्ही दोघी पातूरला गेलो. अकोल्यापासून दक्षिणेकडे तासभर गेलं की जमीन उठायला लागते, टेकड्या दिसतात. गावाजवळ डोंगरात जुनी लेणी आहेत. मी भूगोलवाली, मला ती बघायची होती. कुसुम म्हणाली, 'दगडं काय पाहातं, मळा पाहाय.' मग लेणी राहिली.

मळा बघून मला तिच्या वडिलांचा राग आला, खोटं कशाला सांगू. वांगी, मेथी, सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), पलीकडे झेंडू. विहिरीवर मोटार चालू होती आणि पाणी दांडातून खळखळत वाफ्यांत चाललं होतं. अशा घरची पोर बापानं खाऱ्या पट्ट्यात दिली, का तर मुलगा सुशील आणि पन्नास एकर काळी जमीन. पाणी कुणी विचारलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. कुसुम म्हणाली की बाबांनी विचारलं होतं, विहीर आहे का. मुलाकडच्यांनी सांगितलं, आहे. ते खोटं नव्हतं.

भावानं गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले होते, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. कणकेचा तो गोळा फोडून तुपात बुडवून खाल्ला की पुण्यातली सगळी हॉटेलं विसरावीत. कुसुमनं अर्धाच खाल्ला. मग दांडाच्या कडेला बसून पाय पाण्यात सोडले. पोटऱ्यांवर बोट दाबलं तर खळगा पडत होता आणि भरायला वेळ लागत होता. तिनंच दाबून दाखवलं, गंमत म्हणून.

वहिनीनं विहिरीचं पाणी तांब्यातून आणून दिलं. मी एका दमात संपवलं. असं पाणी! कुसुमनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला.

'फिकं लागते वं,' ती म्हणाली. 'वैनी, मिठाची चिमूट दे बरं.'

वहिनीनं निमूट मीठ आणून दिलं, म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं. ज्या विहिरीच्या पाण्यावर ती वाढली, ते पाणी तिच्या जिभेला परकं झालं होतं. मीठ टाकून ती ते प्यायली. आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी विचारलं, परवापासून तू घरी काय पितेस? ती दांडात पाय हलवत राहिली. मी पुन्हा विचारलं.

'कॅन तुह्यापुरताच होता,' ती म्हणाली. 'तीन दिवसानं काय होते? चाळीस वर्सं पेली ना मी.'

मी तिच्यावर ओरडले. भावजयीसमोर, भावासमोर, काही बाही बोलले. तुला अक्कल नाही, मी काय मरणार होते का दोन दिवस कमी प्यायले तर, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पाहुण्याला खारं पाजायचं का, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

पुन्हा अकोला

रविवारची गाडी होती. शनिवारी पुण्याच्या डॉक्टरांना द्यायला ताजे रिपोर्ट घ्यावेत म्हणून भाऊजींसह आम्ही तिघं अकोल्याच्या दवाखान्यात गेलो. सकाळी उठली तेव्हा कुसुमचे डोळे सुजून बारीक झाले होते. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना तिला धाप लागली.

दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. तरुण होते, नीट समजावून सांगत होते. रक्तातले आकडे फार चढले आहेत, फुप्फुसात पाणी साचतंय, आजच डायलिसिस करावं लागेल, आणि पुढे आठवड्यातून दोनदा. प्रवास तूर्त विसरा. मानेत नळी बसवू.

मी मुद्द्याचं विचारलं. मंगळवारी आले, बुधवारी मी पाणी ओतून टाकलं, तीन दिवस ही खारं पाणी प्यायली. त्यानं झालं का? ते म्हणाले, 'तीन दिवसांनी असं होत नाही. हे अनेक वर्षांचं आहे.' मी म्हटलं, पण तीन दिवस नसते तर? म्हणाले, 'आज नाही तर महिन्याभरानं हेच झालं असतं.' मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी माझ्या खांद्याला हात लावला आणि मला बाहेर आणलं. ते डॉक्टर खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. पण मला ते पटलेलं नाही, आजतागायत नाही. एक महिना तर एक महिना, तो तिचा होता.

डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा, प्रत्येक खाटेजवळ यंत्र. कुसुमच्या मानेपासून लाल नळ्या यंत्रात गेलेल्या. तिथल्या नर्सबाईंना तिनं लगेच बोलतं केलं, तो तिचा स्वभावच. हे यंत्र कशावर चालतं, रक्त कसं धुतं, पाणी किती लागतं. त्या म्हणाल्या, एका वेळेला शंभर-सव्वाशे लिटर, आणि तेही अगदी शुद्ध, मागे मोठं यंत्र आहे पाणी गाळायचं.

कुसुम वर छताकडे बघत बोटं मोजायला लागली. किती गुंड होतात त्याचा हिशेब. सात-आठ होतात म्हणाली. मग म्हणाली, 'जलमभर भेटलं नाई, आता एका बैठकीले आठ गुंड.' थोड्या वेळानं तिनं विचारलं, गाळून उरतं त्या पाण्याचं काय करता. बाई म्हणाल्या, ते गटारात सोडतो, ते खारट असतं, कामाचं नाही.

'मंजे आमच्या गावाचंच,' कुसुम म्हणाली.

त्या बाई हसल्या. मला हसू आलं नाही. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिले. तिथे हात धुवायचं बेसिन होतं आणि त्याची तोटी ठिबकत होती. मी ती घट्ट बंद करायला गेले तर आटेच झिजलेले, थेंब काही थांबेना.

संध्याकाळी डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं. मीठ बंद. पाणी दिवसाला एक लिटर, चहा-ताक धरून. त्याहून जास्त एक घोटही नाही, कारण शरीरातून आता ते बाहेर जाणार नाही.

मी कुसुमला समजावायला बसले. पंधरा दिवसांनी प्रकृती स्थिर झाली की मी पुन्हा येते, गाडी करून नेते, पुण्यात घराजवळ हीच सोय आहे, चांगली आहे, खोली तयार आहे, भाऊजींनाही घेऊन येऊ. बरंच बोलले. तिनं पथ्याचा कागद मला परत वाचायला लावला. मग म्हणाली,

'शशे, मी तं पान्यासाठी येऊन राहिली होती. एक लिटर पानी आमच्या गावातबी भेटते.'

मी पथ्याच्या कागदाची घडी घालून तो तिच्या उशाशी ठेवला. भाऊजी खाटेच्या पायथ्याशी बसून तिचे तळवे चोळत होते. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर तिथे बसवेना.

पुणे

रविवारी मी एकटी निघाले. शेजारची जागा रिकामीच होती, भुसावळला तिथे कुणी तरी येऊन बसलं.

घरी आल्यावर पहिलं काय बघितलं असेल तर तांब्याचा हंडा. आदल्या आठवड्याचं पाणी त्यात तसंच होतं. कामाच्या शांताबाई ते ओतायला निघाल्या, मी त्यांच्या हातून हंडा ओढून घेतला. तेच पाणी प्यायले, तीन दिवस पुरलं. त्यांना वाटतं, प्रवासानं बाईंचं डोकं फिरलं. फिरलंही असेल. मागच्या खोलीचं दार मी लावून घेतलं आहे. न्हाणीघरातल्या त्या दांडीला आता मी टॉवेल अडकवते.

लोक विचारतात, कसा झाला प्रवास, काय बघितलं. मी कढी-गोळ्यांचं सांगते, पातूरच्या रोडग्यांचं सांगते. गुंडांचं कुणालाच सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदा लिहिलं. तुम्ही त्या बाजूला गेलात तर अकोल्याच्या बसस्थानकावर बाटली भरून घ्या. आणि कुणाच्या घरी झाकून ठेवलेलं पाणी दिसलं तर त्याला हात लावू नका.

कुसुमचा फोन परवा आला. मंगळवार आणि शुक्रवार ठरलेत तिचे, भाऊजी पहाटेच्या बसनं घेऊन जातात. आवाज बरा होता. मी स्वयंपाकघरात भाजी धूत होते, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला. जेवली का, सूज उतरली का, असं मी विचारत होते आणि ती काही बोलेचना. मला वाटलं, रेंज गेली.

'कुसुम? ऐकू येतंय का?'

'येऊन राहिलं,' ती म्हणाली. 'आंधी थो नळ बंद कर. मंग बोल.'

मी नळ बंद केला.